वाघ व्यायाम करत नव्हता, गुरुजी

ताई,
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवतो. आमची सहल दरवर्षी छत्रपती संभाजीनगरला जाते. पहाटे चारला एसटी निघते. दौलताबाद, वेरूळ, मकबरा आणि दिवस कलताना सिद्धार्थ उद्यान. मागच्या जानेवारीत वाघाच्या पिंजऱ्यापुढं लेकरं नुसती ओरडत होती. वाघ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. एक मुलगी मात्र गप उभी होती. म्हणाली, "सर, ह्यो वाघ कामून असा फिरायलाय?" मी म्हणालो, "व्यायाम करायलाय बाळा." ती म्हणाली, "मंग आपल्याकडं बघंना कामून?" मी शिट्टी वाजवली आणि रांग करायला लावली.

यंदाच्या सहलीची यादी मुख्याध्यापकांना द्यायचीय. प्राणी संग्रहालय काढून टाकावं असं मन म्हणतं. पालक म्हणतात, लेकरांना वाघ दुसरीकडं कुठं बघायला मिळणार? घरी बायकोपाशी विषय काढला तर ती म्हणाली, "वसरीवरचा पोपट आधी सोडा, मंग वाघाचं बघा." आमच्या आईनं नऊ वर्षांपासून पोपट पाळलाय. दावणीला दोन बैल आहेत. तेव्हापासून वाटतंय, मला बोलायचा अधिकारच नाही. सहलीतून उद्यान काढू का? पोपट सोडून देऊ का? का मीच उगीच जास्त विचार करायलोय?
एक शिक्षक, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी

गुरुजी,

वाघ व्यायाम करत नव्हता आणि हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. वर्ष होत आलं तरी ते एक वाक्य घशात अडकलंय, म्हणून तर पत्र लिहिलंत. सहलीची यादी, पोपट, बैल हे सगळं त्याच्या मागून आलेलं. तेव्हा आधी वाघाचं बोलू. तुमच्या मंडळींना मात्र माझा नमस्कार सांगा. पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य त्यांचं आहे.

रानातला नर वाघ एका रात्रीत दहा-वीस किलोमीटर सहज चालतो. हद्दीवरच्या झाडांवर फवारा मारायचा, दुसऱ्या नराची खूण हुंगायची, मादीचा माग काढायचा आणि शिकारीमागं जायचं. कितीतरी डाव फुकट जातात तेव्हा एखादं जनावर हाती लागतं. त्याचे डोळे, पाय, पाठीचा कणा, सगळं या उद्योगासाठी घडलेलं. संग्रहालयात त्याला ठरल्या वेळी मांस मिळतं, आजारी पडला तर डॉक्टर येतो, रानातल्यापेक्षा वर्षंही बरेचदा जास्त मिळतात. काम तेवढं मिळत नाही. मग पाय आपलं आपण काम काढतात. तीच वाट, तेच वळण, तेवढीच पावलं. शास्त्रात याला स्टिरिओटिपी म्हणतात. पुन्हा गेलात तर पिंजऱ्यातल्या मातीकडं बघा. चकरेच्या जागी गवत उगवत नाही, घासून घासून पट्टा पडलेला असतो आणि वळायच्या ठिकाणी पंजा दर खेपेला तिथंच पडतो. घाण्याच्या बैलामागं हाकणारा तरी असतो.

२००३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधक बायकांनी वेगवेगळ्या मांसाहारी प्राण्यांच्या नोंदी एकत्र करून बघितल्या. रानात ज्याच्या फिरण्याचा पसारा मोठा, तो कैदेत जास्त चकरा मारतो आणि त्याची पिल्लंही जास्त दगावतात, असं त्यात दिसलं. बर्फातलं पांढरं अस्वल त्यात सगळ्यात वर होतं. तुमच्या वर्गातल्या मुलीनं पिंजऱ्याबाहेर दोन मिनिटं उभं राहून जे हेरलं, ते तिथं आकड्यांत मांडलंय.

एक गोष्ट मात्र धरून चाला. वाघ चकरा मारतोय म्हणजे आत्ता, या क्षणी तो यातनेत आहे, असं दर वेळी नसतं. कधी ती जुन्या वाईट दिवसांची राहून गेलेली खोड असते. कधी मांस यायची वेळ झालेली असते. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात मी अशा कालवडी बघितल्यात, ज्या बांधल्या जागी तासन्‌तास जीभ गोल गोल फिरवत बसायच्या. मोकळ्या रानात सोडल्या तरी काहींची खोड गेली नाही. त्यामुळं "वाघ दुःखी आहे" एवढंच उत्तर मुलीला दिलंत तर तेही घाईचंच होईल. "त्याच्या पायांना भरपूर चालायचं असतं आणि इथं तेवढी जागा नाही," हे खरं आहे आणि चौथीच्या लेकराला कळतं.

बैलांचं फार मनाला लावून घेऊ नका. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, पाळीव आणि माणसाळलेलं, आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. तुमच्या दावणीला लाल कंधारी असो की देवणी, त्या बैलाच्या मागं माणसासोबत काढलेल्या हजारो वर्षांच्या पिढ्या आहेत. माणसाजवळ राहणं त्याच्या रक्तात उतरलंय. वाघाच्या चार पिढ्या पिंजऱ्यात जन्मल्या तरी पाचवा वाघच असतो. तो माणसाळेल, पाळीव व्हायचा नाही. म्हणून बैल बांधणारा माणूस वाघाबद्दल बोलू शकतो. फक्त दावं एवढं लांब ठेवा की बैलाला मान टाकून, कुशीवर नीट बसता येईल. हे मी सवयीनं सांगतेय. तीस वर्षं गोठ्यागोठ्यांतून हेच सांगत फिरले.

आता तुम्हाला वाटत असेल, ही बाई सगळे पिंजरे मोडा म्हणणार. मी तसं म्हणू शकत नाही, आणि त्याचं कारण माझ्याच औषधांच्या पेटीत होतं.

मी नोकरीला लागले तेव्हा गावाबाहेर जनावर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. आधी वर एक ठिपका दिसायचा. मग दुसरा, तिसरा, आणि बघता बघता वीस-पंचवीस पक्षी पंख अर्धवट दुमडून जमिनीवर उड्या मारत, भांडत, फिस्कारत. सकाळी टाकलेल्या म्हशीचा दुपारी सांगाडा व्हायचा, वास म्हणून नाही. पुढं नव्वदच्या दशकात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आलं. बैल लंगडतोय, गाईची कास सुजलीय, ताप आहे, टोचा डायक्लोफिनॅक. स्वस्त, आणि गुण लगेच. लोक नाव घेऊन मागायचे. किती टोचली असतील, मोजदाद नाही. त्यातलं एखादं जनावर दोन दिवसांत मेलं तर ते औषध त्याच्या मांसात राहायचं, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ साली भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तोवर आमच्या भागातलं आभाळ रिकामं झालं होतं. माळावर जनावर तसंच कुजायचं आणि कुत्री वाढली. त्या काळात मी वर बघायचंच सोडून दिलं होतं, हेही लिहून टाकते.

हरियाणात पिंजोर इथं गिधाडांचं पैदास केंद्र उभं राहिलं. मोठमोठ्या जाळ्यांत जोड्या ठेवल्या. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळं काम मुंगीच्या गतीचं. तिथं वाढलेली गिधाडं पुढं रानात सोडायला सुरुवात झाली. आता सांगा, त्या जाळीला मी कैद कुठल्या तोंडानं म्हणू?

माळढोकाचंही तसंच. तुमच्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी हा पक्षी बघितलेला निघाला असता. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज तिथं तो दिसला तर बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतो. २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरकडं त्याची अंडी रानातून उचलून यंत्रात उबवतात आणि पिल्लं हातानं वाढवतात. २०२४ साली तिथं कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. कृत्रिम रेतन म्हटलं की माझ्यासारखीला दवाखान्यातला खोडा, रबरी हातमोजे आणि नायट्रोजनचं भांडंच आठवतं. तेच तंत्र माळढोकाच्या कामी आलं हे वाचून मी त्या दिवशी घरात एकटीच हसले.

म्हणून मी कुठलाही पिंजरा बघितला की विचारते, हा कोणासाठी बांधलाय? आतल्यासाठी, त्याच्या जातीसाठी, की तिकीट काढणाऱ्यासाठी? बहुतेक संग्रहालयांत तिन्ही थोडंथोडं असतं. खरी ओढाताण तिथंच आहे. जुन्नरजवळच्या माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. उसातून, विहिरीतून काढलेले, पाय गमावलेले, दात तुटलेले बिबटे तिथं असतात. त्यांना सोडणार कुठं? त्यांचा पिंजरा बघून मला वाईट वाटतं, पण राग येत नाही.

राग येतो पांढऱ्या वाघाच्या पिंजऱ्यापुढं. सिद्धार्थ उद्यानात सगळ्यात जास्त मोबाईल तिथंच वर होतात. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. रंगाच्या एका जनुकात दोष असतो. तो आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला की पिल्लू पांढरं होतं. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचं एक पांढरं पिल्लू धरलं. पुढं त्याची त्याच्याच मुलीशी जोडी लावली, कारण पांढरी पिल्लं हवी होती. आज जगभरच्या संग्रहालयांतले पांढरे वाघ बहुतेक त्याच्याच वंशातले. नात्यातल्या नात्यात पैदास झाल्यानं तिरळे डोळे, वाकडे कणे, जन्मतःच अधू पिल्लं, सगळं आलं. रानाला पांढऱ्या वाघाचा काही उपयोग नाही. तो आपल्या डोळ्यांसाठी जन्माला घातलाय. हे सांगताना उद्यानातल्या कर्मचाऱ्यांना बोल लावायचा नाही. पिंजरा धुणारा माणूस त्या वाघाची विष्ठा बघून त्याची तब्येत सांगतो. अशा लोकांबद्दल मला आदर आहे. इथं वाघ चांगले वाढतात, हेही खोटं नाही. मुंबईच्या राणीच्या बागेत २०२० साली गेलेली शक्ती आणि करिश्मा ही जोडी आपल्या संभाजीनगरचीच.

पण वाघाची जात टिकवायला पिंजऱ्यातल्या पिल्लांची गरज आहे का? २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३६८२ वाघ धरलेत. पिंजऱ्यात वाढलेला वाघ सहसा रानात सोडता येत नाही. त्याला शिकार येत नाही आणि माणसाची भीती नसते. रानातल्या वाघाला हवी आहे वाट. ती वाट तुमच्या-माझ्या मराठवाड्यातून जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. तिथं वाघ वाढले. तरणे नर बाहेर पडायला लागले. २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक वाघ तिथून निघाला आणि हिंगोलीच्या शिवारातून होत, महिनोन्‌महिने चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तुमच्या जिंतूरच्या शेजारच्याच जिल्ह्यातून गेला म्हणा. २०२१ च्या मार्चमध्ये कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला. तिथं कित्येक दशकं वाघ नव्हता. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात आणखी एक उगवला. तोही टिपेश्वरचा, सुमारे पाचशे किलोमीटर चालून आलेला. जिंतूरहून मुंबई गाठावी एवढं अंतर, तेही सोयाबीन-तुरीच्या रानांतून, हमरस्ते ओलांडत, रात्री चालत आणि दिवसा ओढ्यात दडत. त्याला धरायला पथकं आली, ट्रॅप कॅमेरे लागले, भुलीच्या बंदुका आल्या. कित्येक आठवडे तो कोणाच्या हाती लागला नाही. त्यानं जनावरं मारली, बार्शीकडची माणसं शेतात पाणी द्यायला जायला भ्यायली, हेही खरं. ज्याची गाय गेली त्याला वाघाचं कौतुक सांगायला मी जाणार नाही. पण सिद्धार्थ उद्यानातला वाघ आणि रामलिंगचा वाघ यांचे पाय एकसारखेच आहेत, एवढं तुमच्या वर्गाला कळलं तर सहलीचा खर्च वसूल झाला समजा.

आता सहल. उद्यान यादीतून काढू नका. पण मकबरा आणि आईस्क्रीम यांच्या मधली चाळीस मिनिटंही त्याला देऊ नका. दौलताबाद नाहीतर वेरूळ, एक काहीतरी पुढच्या वर्षावर टाका. पालक कुरकुरतील. कुरकुरू द्या. आठवड्यातून एक दिवस संग्रहालय बंद असतं, तो आधी विचारून घ्या, नाहीतर साठ लेकरं फाटकाबाहेर उभी राहतील. आणि दिवस कलताना जाऊ नका, सकाळी उघडल्या उघडल्या जा.

जायच्या आधी शाळेत एक दिवस घालवा. महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर लावा आणि टिपेश्वरपासून रामलिंगपर्यंत लाल दोरा ताणायला लावा. दोरा कोणत्या जिल्ह्यांवरून जातो ते मुलांनाच वाचू द्या. मग मैदानात चुन्यानं एक चौकोन आखा. अंदाजानं पिंजऱ्याएवढा, फार काटेकोर नको. पाच-पाच मुलांना त्यात दहा मिनिटं नुसतं चालायला सांगा. बोलायचं नाही, बाहेर यायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कोणीतरी त्याच त्याच वाटेनं फिरायला लागतंच.

उद्यानात गेल्यावर सगळं बघायचा हट्ट धरू नका. एकाच प्राण्यासमोर वीस मिनिटं बसवा. वह्या काढा. किती वेळा वळला, कुठं थांबला, झोपला असेल तर कान हलतात का, पाण्यात बसतो का, हे लिहू द्या. आत ओंडका, टाकी, लटकवलेलं टायर, असं काही खेळायला ठेवलंय का तेही बघायला सांगा. हल्ली चांगल्या ठिकाणी मांस लपवून ठेवतात, नवे वास लावतात, म्हणजे जनावराला शोधायला लागतं. वेफर फेकणं, डरकाळ्या काढणं, जाळी वाजवणं बंद. संग्रहालयातल्या प्राण्याला त्रास देणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे सहलीच्या आधीच सांगा, शिट्टी वाजवून ऐनवेळी नाही. आणि पिंजरा सांभाळणारे कोणी कर्मचारी मोकळे दिसले तर त्यांना दोन मिनिटं मुलांशी बोलायची विनंती करा. तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. कोणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

मुलं हत्ती कुठंय विचारतील, कारण मोठ्या भावंडांनी त्यांना हत्तीचं सांगितलेलं असतं. इथल्या हत्तिणी विशाखापट्टणमला गेल्या. संग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असं केंद्रीय प्राणी संग्रहालय प्राधिकरणानं २००९ साली ठरवलं. हे प्राधिकरण १९९२ पासून आहे आणि देशातल्या प्रत्येक संग्रहालयाला त्याची मान्यता घ्यावी लागते. आता संभाजीनगरजवळच्या मिटमिट्याला मोठ्या जागेत नवं प्राणी उद्यान करायचं चाललंय, तेही जागा पुरत नाही म्हणूनच. म्हणजे तुमच्या मुलीला जे खुपलं ते सरकारलाही खुपलेलं आहे, फक्त सरकारला वेळ जास्त लागतो.

आणि येलदरी धरण तुमच्याच तालुक्यात आहे ना? थंडीत त्या पाण्यावर पक्षी उतरतात. एखाद्या शनिवारी सकाळची शाळा तिथंच भरवा. एसटीही लागणार नाही.

आता पोपट. हे लिहायला मला जड जातंय, कारण तुमच्या आईला मी ओळखत नाही आणि त्या पोपटाशी काय बोलत असतील याचा अंदाज आहे.

आपला हिरवा, गळ्याला कंठ असलेला पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चालत नाही. बाजारात विकणारा लाख सांगेल. तो पोपट पिंजऱ्यात जन्मलेला नसतो, झाडाच्या ढोलीतून पिल्लू असताना काढलेला असतो. एक विकायला येतो तेव्हा त्याच्यामागं पिशवीत गुदमरून मेलेली भावंडं असतात. त्यामुळं मिठूनंतर दुसरा नाही, एवढं तरी आजच ठरवून टाका.

पण पिंजऱ्याचं दार उघडून द्यायचं नाही. यात मी एकदा चुकलेय. बरीच वर्षं झाली. एका वस्तीवर काळविटाचं पाडस सापडलं. आई सोडून गेली असं वाटून त्यांनी ते उचलून आणलं. खरं तर हरणी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते आणि परत येते. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी मी जागेवर नेऊन ठेवा असं ठणकावून सांगितलं नाही. शेळीचं दूध कसं पाजायचं ते सांगितलं. लेकरांनी त्याला अंगाखांद्यावर वाढवलं. दीड वर्षांत त्याला शिंगं आली आणि ते आल्या-गेल्याला ढुशा मारायला लागलं. एक दिवस घरच्यांनी कंटाळून त्याला माळावर सोडलं. ते कळपाकडं गेलंच नाही. माणसांच्या वस्तीकडं परत यायला निघालं आणि वाटेत कुत्र्यांनी धरलं. मला निरोप आला तेव्हा टाके घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. निघताना घरातली धाकटी मुलगी दारात उभी होती. तिनं मला काही विचारलं नाही.

नऊ वर्षं पिंजऱ्यात असलेल्या मिठूच्या पंखांत ताकद नसणार. त्याला घार कळत नाही, मांजर कळत नाही. म्हणून १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर जिंतूरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन सरळ सांगा. पाळलेले पक्षी उडू शकतात का हे तपासून, जमलं तर सवय करून, ते पुढं सोडतात. नाही जमलं तर सांभाळतात. आपणहून गेलेल्या माणसाशी बोलणं वेगळं असतं, धाड पडलेल्या माणसाशी वेगळं. आईला आधी सांगा, परस्पर नेऊ नका. परस्पर नेलात तर पोपट मोकळा होईल आणि तुम्ही घरात अडकाल. त्यांना कायदा सांगून पटणार नाही. मिठू पंख पसरतो तेव्हा ते सळ्यांना लागतात का, एवढंच त्यांना बघायला सांगा. पुढचं त्यांचं त्यांना कळेल. बायका पिंजरे लवकर ओळखतात, हे माझं मत. पुरावा मागू नका.

तोवर नुसती सूर्यफुलाची बी घालणं थांबवा. त्यानं जीवनसत्त्व अ कमी पडतं, नाक-डोळे बिघडतात. पेरू, पालक, मेथी, मोड आलेली मटकी द्या. बसायला लोखंडी सळई असेल तर काढून कडुलिंबाची वेडीवाकडी फांदी लावा, पायांना आराम पडतो. उथळ परातीत पाणी ठेवा, तो आंघोळ करेल.

तुम्ही जास्त विचार करायलात का, हेही विचारलंत. नाही. उशीर केलात तेवढा.

ती मुलगी आता पाचवीत गेली असेल. तुमची शाळा चौथीपर्यंतच असेल तर दुसऱ्या गावच्या शाळेत जात असेल. गाडी काढा आणि जा. तिला सांगा, त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं होतं. ती कदाचित सगळं विसरलीही असेल, तोंडावर हात धरून हसेल, तरी सांगा. आणि तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं, आपल्याकडं बघंना कामून, याचंही उत्तर द्या. त्याच्या लेखी आपण बघण्यासारखे नसतो. दिवसभर हजार तोंडं येतात, ओरडतात, जातात, त्यांच्याकडून त्याला ना खायला मिळत ना भीती वाटत. पिंजऱ्याच्या मागच्या अंगाला एक छोटं लोखंडी दार असतं, रात्रीच्या खोलीचं. मांस तिकडून येतं. पुढच्या वेळी तिलाही सोबत न्या आणि बघायला सांगा. बहुतेक वेळा त्याच्या चकरेचं एक टोक त्या दाराशी असतं.